पाकळ्या खालून वर

बक्स्टन (इंग्लंड), ३ जून

प्रिय अरुणा,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर "बरं आहे, ठेवते" एवढंच. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच बाजूला टाकलंस तरी तासाभराने पुन्हा हातात घेशील, एवढं तुला इतक्या वर्षांत ओळखलंय.

बाळ-बाळंतीण मजेत आहेत. बाळ दिवसा झोपतं आणि रात्री घर डोक्यावर घेतं. नाक तुझं आहे, आवाजही तुझाच. मी आणलेला डिंकाचा लाडू निवेदिताने दाताने फोडून पाहिला, मग जावईबापू प्रणयने तो खलबत्त्यात घातला. पाक पुढे गेला होता, मान्य आहे. पण तू स्वयंपाकघराच्या दारात घुश्श्यात उभी होतीस आणि गॅस कधी बंद करायचा ते बोलली नाहीस. त्यामुळे अर्धा दोष तुझा.

आता खरी गोष्ट. आज मी चोरी करताना पकडला गेलो.

यांच्या घराजवळून वाय नावाची नदी वाहते. आपली नाग नदी बघितलेल्या माणसाला हिचं पाणी बघून लाज वाटते, तळातला एकेक गोटा दिसतो. काठाने वळणावळणाची पायवाट आहे, तिचं नावच सर्पंटाईन वॉक्स. दोन्ही बाजूंना बीच नावाची उंच झाडं, त्यामुळे भर दुपारीसुद्धा सावली. जुन्या काळी लोक या गावात झऱ्याचं कोमट पाणी प्यायला यायचे आणि ते पचावं म्हणून अशा वाटांवरून फिरायचे. झरा अजून वाहतोय. रस्त्यालगत सिंहाच्या तोंडातून फुकट पाणी पडतं आणि लोक बाटल्या भरून नेतात. मीही नेतो. शिकवायचं सोडलं तरी भूगोलाच्या मास्तराला उगम बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

तर, वाट संपते तिथे एका घराच्या कुंपणावरून पांढऱ्या फुलांची फांदी बाहेर आली होती. वास थेट मोगऱ्याचा. आता तूच सांग, धरमपेठेत कुंपणाबाहेर आलेलं फूल कोणाचं? सकाळी फिरायला जाणाऱ्याचं. जोगळेकरांच्या तगरीवर आपले देव वर्षानुवर्षं सजले. मी सवयीने खिशातून पिशवी काढली आणि कामाला लागलो. अर्धी पिशवी भरली तेवढ्यात मागून आवाज आला, "एक्स्क्यूज मी."

ऐंशीच्या आसपासची बाई, उंच, पायात गमबूट. घर तिचंच. नाव मॉरीन. तिने विचारलं, ही फुलं कशाला? मी म्हटलं, "फॉर गॉड." ती म्हणाली, "कुठल्या?" मला घाबरून एकही देव आठवेना. मी म्हणालो, "ऑल."

बाई हसत सुटली. आत जाऊन कात्री घेऊन आली आणि म्हणाली, फुलं ओरबाडायची नाहीत, कापायची. ती कात्री देताना तिचा हात थरथरत होता. अरुणा, अगदी तुझ्यासारखा. मला वाटलं, रागाने असेल, पण राग कुठेच नव्हता. मग ती म्हणाली, जुलैत आम्ही झऱ्यापाशी पाकळ्यांचं मोठं चित्र उभं करतो, दर वर्षीचा रिवाज आहे, मी त्यात पाकळ्या लावते, तुम्हीही या.

त्या हाताने पाकळ्या? घरी येईपर्यंत मी तोच विचार करत होतो.

निवेदिताने आज पुन्हा विचारलं, आई का नाही आली. तू पढवलंस तेच मी सांगितलं, गुडघे. पहिलं बाळंतपण, आणि आईऐवजी बाप आला, लाडवांचा डबा घेऊन! ती "ओके" म्हणाली. तुझ्या हाताबद्दल मी एक शब्द काढलेला नाही. देवासमोर शपथ घ्यायला लावलीस ती पाळतोय, पण मला ती आवडलेली नाही, हे लिहून ठेवतो.

तुझा,
कमलाकर

बक्स्टन, १५ जून

प्रिय अरुणा,

तुझं उत्तर येणार नाही हे मला माहीत आहे. पेन धरलंस की अक्षर वेडंवाकडं येतं आणि ते मला दिसलेलं तुला खपत नाही. तरी रोज पोस्टमनच्या वेळेला मी खिडकीशी असतो. इथला पोस्टमन हाफ पँट घालून येतो, थंडीतसुद्धा घालतो म्हणे. का, ते अजून कळलेलं नाही. विचारणार आहे.

बाळाला न्हाऊ कोण घालतं ते तू विचारलं नाहीस तरी सांगतो. प्रणय. त्याने नागपूरला त्याच्या आईला, धम्मशीलाताईंना, व्हिडिओ लावून विचारून घेतलं, पाय लांब करून बसला, बाळाला पायांवर घेतलं आणि तेल चोळलं. पहिल्या दिवशी त्यालाच जास्त घाम आला. आता चांगलं जमतं. मी बाजूला स्टुलावर बसून सूचना देतो, त्या कोणी ऐकत नाही.

मॉरीन मला वाटेवर रोज भेटते. पूर्वी मास्तर होतो म्हणून सगळ्यांना प्रश्न विचारायची सवय आहे, असं मी तिला सांगून टाकलंय. त्यामुळे ती वैतागत नाही. पाण्याचे आभार मानायचे म्हणून विहिरी आणि झरे फुलांनी सजवायचे, ही या भागातली जुनी पद्धत. लाकडाच्या मोठ्या फळ्या भिजवतात, त्यावर मिठाची माती लिंपतात आणि तिच्यात पाकळ्या, पानं, बिया रोवून चित्र करतात. रंग नाही, प्लास्टिक नाही. जे उगवतं तेवढंच चालतं. मी तिला म्हटलं, आमच्या घरी हे रोज पहाटे दारात होतं. माझी बायको दिवाळीत रांगोळी काढायची तेव्हा धरमपेठेतली माणसं सायकली थांबवून बघायची.

"काढायची?" तिने विचारलं. बाई कानाची तिखट आहे. मी विषय बदलला. मग मीच विचारलं, तुमचा हात असा, मग पाकळी कशी लावता? ती म्हणाली, "कम अँड सी." तीन वेळा विचारलं, तीन वेळा हेच उत्तर.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. काल निवेदिता बाळाची गाडी घेऊन माझ्याबरोबर नदीकाठी आली. छोट्या बंधाऱ्यापाशी बाक आहे, तिथे बसलो. पाण्याच्या आवाजाने बाळ झोपलं. आणि ती म्हणाली, "बाबा, गुडघ्यांचं मला सांगू नका. आई अंबाझरीला रोज वॉकला जाते, शेजारच्या अक्षयाने मला फोटो पाठवलेत. बी ऑनेस्ट. तिला प्रणय अजून चालत नाही ना? लग्नाला आली, हसली, फोटो काढले, सगळं फॉर शो. आणि आता बाळाला हातात घ्यायची वेळ आली तर आली नाही."

मी म्हटलं, "तसं काही नाही गं."

"मग कसं आहे?"

अरुणा, माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते दिलं नाही. लग्नाआधी दोन वर्षं तू त्याच्या जातीवरून घर पेटतं ठेवलं होतंस, ते ती विसरलेली नाही. तू बदललीस ते मी पाहिलंय, तिने पाहिलेलं नाही. तिने बारसंही केलेलं नाही. मी विषय काढला तर म्हणाली, "कशाला? पाळणा म्हणायला आहे कोण?" मग उठून गाडी ढकलत पुढे गेली आणि मी मागून.

मला तुझा राग आला. अजून आहे.

कमलाकर

बक्स्टन, २ जुलै

प्रिय अरुणा,

राग थोडा उतरलाय. माती तुडवल्यावर उतरतो.

चर्चच्या हॉलमागे ताडपत्रीवर मातीचा ढीग होता. पाणी आणि मीठ घालून ती बूट घालून तुडवायची, अशी इथली रीत. देवाच्या कामाची माती पायताण घालून तुडवायची? मला ते जमेना. मी बूट-मोजे काढले, पँट दुमडली आणि उतरलो. माती इतकी गार होती की माझ्या तोंडून जे निघालं ते देवाचं नाव नव्हतं. मंडळी टाळ्या वाजवत होती. आता गावात मला "बेअरफूट कॅम" म्हणतात. कमलाकर एवढं लांबलचक नाव कोणाच्या तोंडात बसत नाही.

काल पाकळ्या लावायला सुरुवात झाली आणि मी मोठी चूक करून बसलो. वाच आणि पोटभर हस.

चित्रात पुलाखालून वाहणारी नदी आहे, दोन्ही काठांवर झाडं आणि वर मधोमध सूर्य. मला म्हणाले, हा तुकडा तुमचा, करा सुरू. तुला इतकी वर्षं पाहत आलोय. आधी मधला ठिपका, मग बाहेर बाहेर जायचं, म्हणजे काढलेलं पुसलं जात नाही. मी ऐटीत सूर्याच्या मध्यावर झेंडूची पाकळी रोवली आणि गोल गोल बाहेर येत गेलो. सुरेख दिसत होतं. तेवढ्यात मॉरीन आली, पाहिलं आणि म्हणाली, "ओ डिअर." सगळं काढायला लावलं गं. हे चित्र जमिनीवर नसतं, उभं करून झऱ्यापाशी आठवडाभर ठेवतात आणि इथे पाऊस तर येणारच. म्हणून खालच्या कडेपासून सुरुवात करायची आणि वरची पाकळी खालचीवर चढवत जायची, कौलं घालतात तशी. म्हणजे पाणी वरून ओघळून जातं. वरून किंवा मधून लावलं तर पाणी पाकळ्यांच्या आत शिरतं आणि सगळं कुजतं.

मग मला एक प्रश्न पडला, तो तुझ्यासाठी. सुरुवात खालून करायची, तर मधला सूर्य नेमका मध्यावर येतो कसा? झाडं वाकडी कशी होत नाहीत? मातीवर पेन्सिल चालत नाही. उत्तर मला कळलंय. सांगणार नाही. तू रांगोळीतली मोठी, ओळख पाहू.

मॉरीनचा हात बघायचा राहिला. माझा घोळ निस्तरण्यात तिचा वेळ गेला. उद्या बघतो.

तुझा व्हिसा नोव्हेंबरपर्यंत आहे, हे सहज आठवलं म्हणून लिहितो.

कमलाकर

बक्स्टन, ५ जुलै

प्रिय अरुणा,

हे पत्र बसून वाच.

काल सकाळी हॉलमध्ये गेलो तो मॉरीन एकटीच काम करत होती. फळी टेबलावर आडवी. तिच्यावर आरपार एक अरुंद पाट टाकलेला, खाली मातीला न लागणारा. बाईने त्या पाटावर कोपरापासून मनगटापर्यंत हात टेकवला. मग करंगळी मातीच्या रिकाम्या जागेत हलकेच रोवली. आणि हात थांबला. मी टेबलाशी वाकून बघत होतो. चिमटीने निळी पाकळी उचलली, ठेवली, दाबली. पुढची. आणखी पुढची. हायड्रेंजियाच्या पाकळ्यांची नदी होती ती, एकही ओळ हललेली नव्हती.

ती म्हणाली, "हात हवेत असला की नाचतो. टेकला की ऐकतो. मी तरुण होते तेव्हापासून आहे हे, माझ्या आईलाही होतं." मी विचारलं, लाज नाही वाटत? अरुणा, हा प्रश्न मी तुझ्या वतीने विचारला. ती म्हणाली, "पहिली काही वर्षं वाटली. तेव्हा पाकळ्या लावायला येत नव्हते. ती वर्षं वाया गेली बघा, लव्ह."

एवढ्यात दारात बाळाची गाडी. निवेदिता मला जेवायला बोलवायला आली होती. मॉरीन बाळ बघायला उठली, चहाचा कप दोन्ही हातांत धरून, आणि कप बशीवर वाजत होता. निवेदिता बाळाकडे न बघता त्या हातांकडे बघत राहिली.

परत येताना आम्ही नदीकाठच्या वाटेने आलो. त्याच बाकापाशी ती थांबली.

"बाबा, आई कोणती टॅब्लेट घेते?"

तुला माहीत आहे ती हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. मी म्हटलं, "आज पाण्याला ओढ जास्त दिसते, नाही?"

"बाबा. व्हिडिओ कॉलवर आई फोन कधीच हातात धरत नाही, डब्याला टेकवते. चहाचा कप ऑलवेज टेबलावर. दिवाळीला रांगोळीचा फोटो मागितला तर म्हणाली, यंदा स्टिकर लावले. आई आणि स्टिकर? मी एवढी इडियट कशी?"

मी शपथ मोडली नाही. पण खोटंही बोललो नाही. नदीकडे बघत बसलो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पाहिलं. तिला तेवढं पुरलं.

मग ती रडली. खूप रडली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी "यू ऑल राईट, लव्ह?" म्हणून विचारलं. "म्हणजे प्रणयचं काही नव्हतं," ती म्हणत होती. "प्रणयचं काही नव्हतंच." मी गाडी पुढे-मागे हलवत बसलो, कारण आता बाळही सामील झालं होतं.

घरी गेल्यावर तिने प्रणयला सांगितलं. तो म्हणाला, "आई आल्या नाहीत त्याला मीच कारण, असं मलाही वाटत होतं. बोललो नाही कधी." अरुणा, त्या पोराने हे सगळे दिवस मनात ठेवून माझ्यासमोर बाळाला तेल लावलं.

मी म्हटलं, आत्ताच फोन लावूया आईला. तर तुझी लेक! "नाही. मी फोन करणार नाही. मी विचारलं की ती परत गुडघे सांगणार. आता तिनेच मला सांगायचं. एवढं एक काम तिने करायचं, हात कसाही असो."

तिचं बरोबर आहे. तेव्हा यापुढे मी पत्र लिहिणार नाही. आता पाळी तुझी आहे आणि मी वाट बघतोय.

चित्र उद्या झऱ्यापाशी उभं राहील. नदीच्या डाव्या काठावरचं झाड पूर्ण माझं आहे, आणि खालून वर लावलेलं आहे.

तुझाच,
कमलाकर

नागपूर, १९ जुलै

प्रिय निवेदिता,

अक्षर बघून घाबरू नकोस. हे असंच येतं आता. समरला सांगून टाईप करून घेणार होते, तुझा भाऊ नाही कशाला म्हणतोय. मग वाटलं की लपवायचं तेच तर थांबवायचंय. तेव्हा लागेल तसं वाच, नाही लागलं तर बाबांना विचार, त्यांना सवय आहे.

माझा उजवा हात दीड वर्ष झालं थरथरतो. डाव्यालाही आता सुरू झालंय. डॉक्टर म्हणतात कंपवात नाही, दुसरं आहे, जिवाला धोका नाही. गोळीचं नाव मागच्या पानावर उतरवलंय, तू बघशीलच.

गुडघे धडधाकट आहेत. खोटं बोलले.

तुला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून मला एकच दिसायचं. तू बाळ माझ्याकडे न्हाऊ घालायला देतेस, ते तेलाने निसरडं झालेलं असतं आणि माझ्या हातून सुटतं. रोज दिसायचं. दिवसासुद्धा. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ये नुसती बस. आणि मी नुसती बसले असते आणि सगळ्यांनी माझे हात पाहिले असते. त्यापेक्षा तू माझ्यावर रागावलीस तर परवडेल असं मी ठरवलं. तू राग कशाचा धरशील याचा विचार केला नाही. प्रणय मनात घेईल हे तर डोक्यातच आलं नाही. पूर्वी मी वाईट वागले, मला माहीत आहे, म्हणूनच त्याला तसं वाटलं. त्याला म्हणावं, मी समोर येऊन बोलणार आहे, पत्रात नाही. बाळाला पायांवर घेतो हे वाचून मी धम्मशीलाताईंकडे पेढे घेऊन गेले होते. दोघी खूप वेळ बोलत बसलो. माझा हात त्यांनी पाहिला आणि पाण्याचा पेला अर्धाच भरून पुढे केला. बोलल्या काही नाहीत.

बाबांना सांग, सूर्य मध्यावर कसा येतो ते मी पत्र वाचता वाचताच ओळखलं. कागदावर आधी चित्र काढायचं, कागद मातीवर पसरायचा आणि सुईने रेघेरेघेवर टोचत जायचं. कागद उचलला की मातीत भोकांची रेघ. आमच्या लहानपणी भरतकामाला असंच टोचून घ्यायचो. यात मोठं कोडं काय आहे? पण वरची पाकळी खालचीवर किती चढवायची, माती वाळत कधी येते आणि कडेला काय लावतात हे त्यांनी काहीच नीट लिहिलेलं नाही. मास्तर असून अर्धवट सांगतात. मला ते स्वतः बघायचं आहे. आणि त्या मॉरीनबाईंचा पाट किती उंचीचा आहे तेही.

तिकीट समरने काढलंय, नऊ ऑगस्टचं. तोवर चित्र उतरवलेलं असेल, असू दे. बाई भेटतील.

एक सांगते. मॉरीनबाईंनी म्हटलं ना, हात टेकला की ऐकतो. परवा मी पलंगावर भिंतीला टेकून बसले, दोन्ही बाजूंना लोड घेतले, कोपरं त्यांवर टेकवली आणि मांडीवर उशी घेतली. दहा मिनिटं बसले. उशी हलली नाही. मग तांदळाची पिशवी घेतली, बाळाच्या वजनाची, काट्यावर बघून. तीही हलली नाही. रोज करतेय आता.

तेव्हा तू फक्त लोड तयार ठेव आणि बाळ माझ्या मांडीवर दे. बारसं मी येईपर्यंत करू नका. नाव तुम्ही दोघांनी काय ते ठरवा. पाळणा मी म्हणणार. आवाज थरथरत नाही.

तुझी,
आई